उजवा दिवा

१

बाबांनी मोटरसायकलची सीट उचलली आणि हवालदाराला म्हणाले, "बघा. माझ्या पोराला कशानं मारलं ते डोळ्यांनी बघा."

शेडमध्ये घरचे सगळेच जमले होते. बाबा, धाकटा, वहिनी, आणि तीन भावंडांतली मधली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख झाली, तरी या घरात तिला अजून मधलीच म्हणत. आजही ती मध्येच उभी होती, एका अंगाला बाप, दुसऱ्या अंगाला नवरा.

थोरला गेल्या आठवड्यात डोंगरातल्या वळणावरून दरीत गेला. डोंगरापलीकडच्या पंपहाउसवर त्याची नोकरी, रस्ता पायाखालचा. गाडी घसरली, माणूस गेला, असं म्हणून पोलिसांनी गाडी घरी न्यायला परवानगी दिली. धाकट्यानं दोघा-तिघांना घेऊन दोरखंडानं ती वर ओढून काढली आणि बाबांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली. आज हवालदार पुन्हा आला होता तो वेगळ्याच कारणानं. वळणावर रस्त्याच्या मधोमध काचा सापडल्या होत्या, आणि गाडी तर दरीत होती. म्हणून त्याला गाडी परत एकदा बघायची होती.

गाडी लाल चिखलानं माखलेली होती. डावी बाजू सोलून निघाली होती, टाकी डावीकडून चेपली होती. हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन जादा दिवे होते. मधलीचा कारखाना दिव्यांचाच. भाऊ अंधारात डोंगर ओलांडतो म्हणून तिनेच ही जोडी त्याला दिली होती आणि तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या गॅरेजमध्ये ती बसवली होती. त्यातला डावा दिवा धड होता. उजवा फुटून मागे वळला होता.

पण हवालदाराला बाबांनी दिव्यांकडे बघूच दिलं नाही. सीटखालच्या तारांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा टेप काढा."

हवालदारानं काळा टेप सोलला आणि बोटांना लागलेला चिखल रुमालाला पुसला. खाली जादा दिव्यांची तार थेट हेडलाइटच्या तारेला जोडलेली होती.

"दोन मोठे दिवे, आणि सगळा भार हेडलाइटच्या तारेवर," बाबा म्हणाले. वीज कंपनीत वायरमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता, त्यांच्यापुढे तारांबद्दल कोण बोलणार. "मध्ये रिले हवा. ती काळी डबी असते, ती दिव्यांसाठी बॅटरीकडून वेगळी वीज घेते. ती नाही. वेगळा फ्यूज हवा. तोही नाही. वळणावर याने दिवे लावले, मुख्य फ्यूज उडाला, सगळी गाडी आंधळी झाली." जळका फ्यूज त्यांनी हवालदाराच्या तळहातावर ठेवला.

मधलीचा नवरा वाकला. तो जोड त्यानं बराच वेळ पाहिला.

"मी रिले लावला होता," तो म्हणाला. "फ्यूजही वेगळा होता. हा जोड माझा नाही."

"मग कुणाचा?" हवालदारानं विचारलं.

नवऱ्यानं तोंड उघडलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "ते मला सांगता येत नाही."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "सांगता कसं येईल," त्या म्हणाल्या. "कामात लक्ष असतं तर सांगता आलं असतं."

हवालदारानं जळका फ्यूज कागदात गुंडाळला. रस्त्यावरच्या काचांचा विषय तिथंच संपला. "परवा चौकीत या," तो मधलीच्या नवऱ्याला म्हणाला. "निष्काळजीपणानं मृत्यू झालाय. गुन्हा नोंदवावा लागेल."

२

घरी आल्यावर मधलीनं जे विचारायचं नाही म्हणून वाटभर ठरवलं होतं, तेच विचारलं.

"खरं सांग. घाईत राहून गेलं का रे?"

नवरा बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याचे हात थांबले. "नाही," तो म्हणाला.

"मग बोलत का नाहीस? सगळ्यांसमोर आरोप होतोय आणि तू मुखस्तंभासारखा उभा."

"बोललो ना. जोड माझा नाही म्हणालो."

एवढंच. एरवी कार्बुरेटरवर तासभर बोलणारा माणूस, आणि आज त्याच्या तोंडाला कुलूप. माणूस गप्प बसतो तो एकतर अपराधी असतो, नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. कुणाला?

पहिलं नाव तिच्या मनात आलं ते गॅरेजच्या भागीदाराचं. दोघांचं हल्ली पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजवर गेली तेव्हा भागीदार शटर अर्धं ओढून एकटाच बसला होता. दुरुस्तीला आलेल्या गाड्या लोक परत घेऊन गेले होते. फरशीवर फक्त त्यांच्या तेलाचे डाग उरले होते.

"मी केलं असं म्हणायला आलात ना?" त्यानंच सुरुवात केली. "या, बसा. सगळं गाव येऊन गेलं, तुम्हीच राहिला होतात."

"दिवे बसवले तेव्हा तुम्ही इथं होतात?"

"होतो. रिले याच हातानं धरला होता. तुमचा नवरा जोड पिळतच नाही, चिमटीत दाबतो आणि वर रबरी नळी चढवतो. नळी गरम करून बसवल्याशिवाय गाडी सोडत नाही. मी त्याला म्हणायचो, अरे, गिऱ्हाईक वाट बघतंय, लाव टेप आणि मोकळा हो. त्यावरून तर आमची भांडणं."

"मग रिले गेला कुठे?"

"ताई, मला तुमच्या नवऱ्याला बुडवायचं असतं तर दुसरे शंभर मार्ग होते. पण बाहेर पाटी आहे ती दोघांच्या नावाची. तो बुडाला की मीही बुडालो. स्वतःच्या नावेला भोक कोण पाडतं?" त्यानं थंड झालेला चहा फरशीवर ओतला. "मला विचाराल तर, गाडी इथून गेल्यावर तिला कुणी हात लावला ते शोधा. मला शोधायला वेळ आहे, पण मला घरात कोण घेणार?"

३

वहिनींनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. मधली उंबऱ्यातच उभी राहिली.

"वन्सं, नवऱ्याची वकिली करायला आला असाल तर आल्या पावली परत जा."

"एकच विचारते. त्या संध्याकाळी दादा निघाला तेव्हा दिवे लावले होते?"

वहिनींनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लावले होते. फाटकातच लावले. समोरची भिंत पांढरीफटक झाली. मी म्हटलंसुद्धा, लोकांचे डोळे फोडाल. ते हसले." त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. "तेच शेवटचं."

मधलीच्या डोक्यात काहीतरी खटकलं. दिव्यांच्या भारानं फ्यूज उडणार होता, तर तो फाटकात का उडाला नाही? गावातून, चढावरून, सगळ्या वळणांवरून दिवे नीट चालले आणि नेमके त्या एका वळणावरच दगा देऊन गेले?

"पण त्या दिवशी दादाची पाळी नव्हती ना? मग तो डोंगराकडे निघाला कशाला?"

"बाबांनी काहीतरी काम सांगितलं. काय ते मला नाही सांगितलं. या घरात बायकांना कामं सांगतात, कारणं नाही."

बाजूच्या पायरीवर धाकटा बसला होता. दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट. मधली त्याच्याशेजारी टेकली.

"गाडी तू वर काढलीस. त्यानंतर तिला कोणी हात लावला?"

"कोण लावणार, ताई? शेडची किल्ली बाबांकडे."

"जेवलास का?"

त्यानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्याला लहानपणापासून असंच काहीतरी अर्धवट बोलायची सवय होती, आणि उरलेलं थोरला पुरं करायचा.

"तुझा टेम्पो दिसत नाही."

"क्लच गेलाय. दुरुस्तीला दिलाय."

"कधी?"

"दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी." तो उठला आणि घरात गेला.

मधली पायरीवरच बसून राहिली. टेम्पो दुरुस्तीला गेला तेव्हा तिच्या नवऱ्यावर आळ यायचा होता. घरात मेव्हण्याचं गॅरेज, आजवर त्या टेम्पोचा नटसुद्धा दुसऱ्या कुणी पिळला नव्हता. मग नेमका त्याच दिवशी तो परक्या दारात का गेला?

हा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. पण एकदा डोळ्यात कुसळ गेलं की ते काढल्याशिवाय झोप लागत नाही.

४

दुपारी बाबा आडवे झाल्यावर तिनं खुंटीवरची किल्ली घेतली आणि शेड उघडली. पेचकस तिनं पर्समधून आणला होता. हेडलाइटचा आणि दोन्ही जादा दिव्यांचे बल्ब काढून तिनं रुमालात गुंडाळले.

कारखान्यात तिचं काम हेच होतं. परत आलेले, गेलेले, फुटलेले बल्ब बघायचे आणि ते का गेले ते सांगायचं. हाताखालच्या मुली म्हणत, बाई दिव्यांचं शवविच्छेदन करतात. आज कारखान्यात पोहोचताच तिनं सगळ्यांना चहाला पाठवलं आणि भिंगाखाली पहिला बल्ब ठेवला.

बल्बमधली तार पेटलेली असते तेव्हा ती गरम, मऊ असते. गाडी आदळली की ती धक्क्यानं ताणते, लोंबते. दिवा बंद असेल तर तीच तार थंड आणि ठिसूळ. ती ताणत नाही, सरळ तुटते. हेडलाइटची तार तिनं पाहिली. ताणलेली. डाव्या दिव्याची पाहिली. दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखी खाली आलेली.

उजव्याची काच फुटलेली होती. त्याच्या तारेवर पिवळट पांढरी भुकटी जमली होती. पेटलेल्या तारेला उघडी हवा लागली की अशी भुकटी येते. म्हणजे काच फुटली तेव्हाही दिवा जळतच होता.

तिन्ही दिवे चालू होते. गाडी आंधळी झालीच नव्हती.

मधलीनं भिंग बाजूला ठेवलं. एकदा गाठीचं एक टोक सुटलं की बाकीची आपोआप मोकळी होते, तसं झालं. दिवे चालू होते, मग फ्यूज नंतर जाळला. हवालदारानं टेप सोलला तेव्हा त्याची बोटं चिखलानं भरली. टेपवर चिखल नंतरही फासता येतो, पण तो टेपच्या खालीही, तारेवर होता. गाडी दरीत पडायच्या आधी जोड मारला असता तर टेपखालची तार कोरडी राहिली असती. जोड चिखलावर मारलेला होता, म्हणजे अपघातानंतर, त्या शेडमध्ये.

आणि गाडी पडली डाव्या कुशीवर, फुटला मात्र उजवा दिवा. जमिनीनं तो फोडला नव्हता. गाडी अजून चाकांवर असताना, दिवे लागलेले असताना, समोरून काहीतरी आलं आणि त्यानं उजव्या बाजूला धडक दिली. काचा रस्त्यावर पडल्या. त्याच काचा हवालदाराला सापडल्या, आणि तो त्याबद्दल विचारायला आला त्याच दिवशी बाबांनी सीट उचलून दाखवली.

रिले कुणी काढला याचं उत्तर तिला आता नको होतं. तिनं बल्ब परत रुमालात गुंडाळले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो जोड आपण अजून नीट पाहिलेलाच नाही.

५

ती परत शेडमध्ये गेली तेव्हा बाबा तिथंच होते, मोडक्या खुर्चीवर बसलेले. खुंटीवर किल्ली नाही हे त्यांनी पाहिलं असणार.

मधली काही न बोलता सीटखाली वाकली. दोन तारा एकमेकींना समांतर धरलेल्या, प्रत्येकीचं टोक दुसरीभोवती घट्ट गुंडाळलेलं, आणि शेवटचा वेढा उलटा दाबलेला, म्हणजे टोक टेपला टोचू नये. लहानपणी इस्त्रीची तार तुटली की बाबा स्वयंपाकघरात बसून असाच जोड मारत आणि तिला म्हणत, ओढ, जोर लावून ओढ. तो कधी सुटला नाही.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," ती म्हणाली. "निदान जोड तरी दुसरा मारायचात, बाबा."

"हाताला दुसरा येत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी नाकारलं नाही. नाकारतील म्हणून ती जे जे ठरवून आली होती ते सगळं वाया गेलं.

"दादाला तुम्ही कुठे पाठवलं होतं?"

"धाकट्याला आणायला. सकाळपासून पीत होता. म्हटलं, जा, तुझा भाऊ कुठं पडलाय बघ, आण त्याला." ते गाडीकडे बघत बोलत होते. "पण तो पडला नव्हता. टेम्पो घेऊन निघाला होता. वळणावर थोरल्याच्या बाजूला घुसला."

"त्याला कळलं नाही?"

"कशाला तरी घासलं म्हणाला. बंपरमध्ये दिव्याची कड अडकली होती. तुझ्या कारखान्याची खूण होती तिच्यावर. ती मी ओळखली. बॅटरी घेऊन चालत गेलो, दरीत उतरलो." ते थांबले. "सगळं संपलं होतं. हात थंड पडला होता."

"आणि परत आलात."

"आलो."

"वहिनी पहाटेपर्यंत खिडकीत बसल्या होत्या."

बाबांनी टाकीवरचा चिखल अंगठ्यानं खरवडला.

"आणि माझ्या नवऱ्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं? तुमच्या हाताखाली शिकला. तुम्हीच त्याला पोरासारखा म्हणायचात."

"त्याला काय झालं असतं? दंड, फार तर चार-सहा महिने. हातात कसब आहे, कुठंही जाऊन उभा राहील. धाकटा तुरुंगात मेला असता." पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "एक गेला, मधले. दुसराही मीच घालवू? पाची बोटं सारखी नसतील, पण कापलं की सगळी सारखीच दुखतात."

"मी बोट नव्हते वाटतं?"

"तुझं लग्न झालं," बाबा म्हणाले. "तू आता त्या हाताचं बोट."

हे त्यांनी तिला दुखवायला म्हटलं नव्हतं. हिशोब सांगावा तसं सांगितलं होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तू बोललीस तर हे घर संपलं," तिच्या पाठीमागून ते म्हणाले. "तुझा नवरा बोलला नाही. बघ, त्याला आहे ते शहाणपण तुला आहे का."

मधली दारात थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

६

नवरा अंगणातल्या नळावर हात धूत होता. गॅरेज बंद होतं, हात स्वच्छच होते, पण संध्याकाळ झाली की ते धुवायची सवय जात नव्हती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"जोड बघितला तेव्हाच. तोच जोड त्यांनी मला शिकवला. चुकला की पक्कड बोटांवर मारायचे."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुझे वडील आहेत. त्यांनी का केलं ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, असेल काही, दोन दिवस थांबू. सगळ्यांनी मला काहीही म्हणू दे." त्यानं नळ बंद केला. "मला वाटलं होतं, तू तरी विचारणार नाहीस."

तिला आठवलं, तिनं काय विचारलं होतं आणि कोणत्या आवाजात. माफी मागायला तिच्याकडे शब्द होते, पण त्यांचा उपयोग नाही हेही तिला कळत होतं. त्यानं टॉवेल तिच्या हातातून घेतला, नीट हात पुसले आणि आत गेला. त्या रात्री दोघंही एकाच खोलीत झोपले आणि दोघंही जागे राहिले.

सकाळी चौकीत जायच्या आधी ती वहिनींकडे गेली. त्यांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढं तरी तिच्या हातात होतं. आज वहिनींनी तिला आत घेतलं, कारण तिचा चेहरा बघून त्यांना दारात अडवायचंही सुचलं नाही. मधलीनं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

वहिनी रडल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"त्या पहाटे बाबा मागच्या दारानं आले," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, यांना शोधायला गेले असतील बिचारे. चहा करून दिला. पायजमा चिखलानं भरला होता, तो मीच धुतला. या हातांनी."

मधलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तुमच्या नवऱ्याचा राग करत होते तेव्हा सोपं होतं, वन्सं. एकच माणूस होता." त्यांनी पदर आवळला आणि उठल्या. "जा आता. धाकटा उठायच्या आत जा. नाहीतर मीच त्याला काहीतरी करीन, आणि मग तुम्हाला आणखी एक जोड तपासावा लागेल."

नवरा चौकीच्या बाहेर, झाडाखाली थांबला. आत येऊ का, असं त्यानं विचारलं नाही आणि तिनंही बोलावलं नाही. हवालदारानं रुमालातले तिन्ही बल्ब टेबलावर मांडले. तिनं समजावून सांगितलं ते त्यानं दोनदा ऐकलं, एकदा भिंगातून स्वतः पाहिलं, आणि टेम्पो कोणत्या गॅरेजमध्ये असेल ते शोधायला एका शिपायाला पाठवलं. मग त्यानं कोरा कागद पुढ्यात ओढला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, बाई," तो म्हणाला. त्यात कौतुक होतं. मधलीला ते नको होतं.

"नाव झालं. पत्ता झाला. मृताशी नातं?"

"बहीण. सख्खी."

त्यानं लिहिलं. मग पेन वर धरून त्यानं पुढची ओळ वाचली आणि आवाज जरा खाली आणला.

"आरोपीशी नातं?"

"तेच," मधली म्हणाली.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. पाणी आणू का, म्हणाला. पाहिजे तर नंतर या, असंही म्हणाला.

"दुसरा आरोपीही आहे," ती म्हणाली. "पुरावा बदलणारा. तो माझा बाप. लिहा."